टाकीत गप्पी सोडण्याआधी

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पाण्याच्या टाकीत गप्पी मासे सोडतात. पण गप्पीच कशाला? तो परका, दक्षिण अमेरिकेतला. त्याच कामासाठी सोडतात तो गंबुशिया मासाही बाहेरचाच, 1928 च्या सुमारास भारतात आणलेला. ओढ्या-विहिरीत सुटला की बेडकांची पिल्लंही सोडत नाही. त्यापेक्षा आपल्याकडचाच पिकू मासा घ्या. वरून पाहिलंत तर डोक्यावर चांदीचा ठिपका चमकतो. तोंड वर वळलेलं, पाण्याच्या वरच्या थरातच फिरतो आणि डासांच्या अळ्याही श्वासाला तिथंच येतात.

उडी मात्र जबरदस्त मारतो! माझे पहिले दोन सकाळी टाकीबाहेर वाळलेले सापडले, म्हणून जाळी आधी बांधा. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ द्या. मासे आणलेली पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू द्या, मग सोडा. खायला फार घालू नका, पोट भरलं की अळ्यांकडे बघतसुद्धा नाहीत. कुंडीखालच्या ताटल्या आणि कूलर मात्र दर आठवड्याला तुम्हीच रिकामे करा.