प्रामाणिक प्रयत्न फसल्यावर विश्वासातून नवी दिशा खरंच मिळते, की ती नुसती मनाची समजूत?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सोडून डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र काढलंत, मालात कधी खोट केली नाही, रोज प्रार्थना करून शटर उघडलंत, तरी ते बंद करावं लागलं आणि डोक्यावर कर्ज राहिलं. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक म्हणतात, "प्रभूची काहीतरी योजना असेल." हे ऐकून तुम्हाला धीर येत नाही, राग येतो. आणि नवी दिशा वगैरे खरंच असतं का, असं तुम्ही विचारता.

माझ्या मते असतं. पण मंडळीत ज्या सुरात सांगतात तसं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून केंद्र बुडालं, असं कुणी सुचवलं असेल तर ते ऐकू नका. भाडं, गॅस, तेलाचे भाव, उधारीवर जेवणारी गिऱ्हाइकं, यांनी धंदे बुडतात. अमुक इतकं दान 'पेरा', दसपट मिळेल, असं सांगणारे उपदेशक मुंबईत काही कमी नाहीत. कर्जात असताना त्यांच्या सभांपासून लांब राहा, हे मी स्पष्टच सांगतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चला दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, मेणाचं घर, मेणाचं बाळ घेऊन येणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. त्यांच्या श्रद्धेला मी हसत नाही, त्यातले निम्मे तर ख्रिस्तीही नसतात. पण नववा बुधवार म्हणजे हुंडी वटायची तारीख नव्हे.

आता बायबलकडे. 'एक दार बंद झालं की दुसरं उघडतं' हे वाक्य त्यात कुठंही नाही. आहे ते याहून बरंच विचित्र आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 काढा. पौल, सीला आणि तीमथ्य हे सुरुवातीच्या काळातले प्रचारक निघालेत चांगल्याच कामाला. आसिया या रोमन प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) देवाचं वचन सांगायचं, तर पवित्र आत्मा त्यांना मना करतो. मग बिथुनियात जाऊ पाहतात, तिथंही जाऊ देत नाही. कारण काय? हे पुस्तक लिहिणारा लूक एका शब्दानेही सांगत नाही. आजारपण होतं, वाटेत धोका होता, भांडण झालं होतं, काहीच कळत नाही. पुढं सरकत सरकत ते त्रोवसला, समुद्राच्या काठाला येऊन पोचतात. आता पुढे पाणी. तिथं रात्री पौलाला दृष्टांत होतो, समुद्रापलीकडच्या मासेदोनियाचा एक माणूस म्हणतो, "इकडे येऊन आम्हाला मदत कर."

इथवर सगळे उपदेशक सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. दृष्टांत पौलाला एकट्याला झाला, पण देवाने आपल्याला तिकडं बोलावलंय हा निष्कर्ष सगळ्यांनी मिळून काढला. मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरी पोचल्यावर तो स्वप्नातला माणूस काही भेटला नाही. भेटल्या नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका. त्यांच्यातली जी पहिली ऐकते ती लुदिया, जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण, आणि ती मूळची थुवतीराची. थुवतीरा कुठं? आसिया प्रांतात! म्हणजे ज्या प्रांतात जायला मनाई झाली, तिथलीच बाई समुद्रापलीकडे पहिल्यांदा ऐकायला बसलेली. आणि एवढं होतंय तोवर पौल आणि सीला फटके खाऊन तुरुंगात. नवी दिशा अगदी बरोबर होती, तरी तुरुंग चुकला नाही. पुढं आसियातल्या इफिसला पौल दोन वर्षांहून जास्त राहिला. ती मनाई कायमची नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सल्लागार मंडळावर रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून गदारोळ उठला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोण बरोबर होतं यावर आजही भांडता येईल. इथं तो मुद्दा नाही. रमाबाईंनी इतक्या कष्टाने जमवलेला पाठिंबा मात्र गेला. मग 1896-97 चा दुष्काळ आला आणि त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेलेले. ती भूक त्यांना माहीत होती. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, जिथं जात विचारली जात नव्हती. शारदा सदनाचा मूळ हेतू काही वाईट नव्हता, पण केडगावला आलेल्या बहुतेक मुली त्या हेतूत बसल्याच नसत्या.

माझं सांगायचं तर मी परळचा. आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले, वडिलांनी छोटा छापखाना टाकला, तो मी चालवला. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं. बिलं कॉम्प्युटरवर गेली, पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, आणि टाळेबंदीने उरलंसुरलं संपवलं. मशीन भंगाराच्या भावात गेलं. त्या काळात मला ना दृष्टांत झाला ना आवाज ऐकू आला. आमची मंडळी टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना जेवण नेऊन द्यायची. मी रिकामाच होतो, पाळकसाहेब म्हणाले, डबे उचलायला चल.

तिथं बीडकडच्या एका बाईने कागदांची पिशवी पुढे केली. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काम अडलं होतं. मी बघितलं, तर रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव एक आणि आधारवर दुसरं, एका वेलांटीचा आणि आडनावाचा फरक. जन्मभर प्रूफं तपासलेल्या माणसाला हे चटकन दिसतं. मग दुसरी पिशवी आली, तिसरी आली. कुठल्या दुरुस्तीला तहसील लागतं, कुठं प्रतिज्ञापत्रावर भागतं, पिवळं कार्ड आणि केशरी कार्ड, हे सगळं शिकत गेलो. आज मी पेशंटच्या एका धर्मशाळेत पगारावर हेच काम करतो. पगार छापखान्याच्या चांगल्या दिवसांपेक्षा कमी आहे. कर्ज अजून पूर्ण फिटलेलं नाही. बायको म्हणते, मशीनच्या आवाजात तू जास्त खूश होतास, आणि तेही खोटं नाही.

मग ही दिशा देवाने दिली, की योगायोगाने जुळलं आणि मी नंतर त्याला देवाचं नाव दिलं? तुमच्या प्रश्नाचा रोख हाच आहे. सिद्ध करून दाखवता येणार नाही. मी ते देवाचं मानतो, कारण मी शोधत होतो ते मला मिळालंच नाही. मी मागत होतो छापखाना. स्वतःची समजूत घालायची असती तर मी माझ्या मनासारखं काहीतरी रचलं असतं. फुटपाथवरच्या कागदांची पिशवी मी स्वतःसाठी कधीच मागितली नसती.

तुमच्यासाठी काय? डोळे मिटून बायबल उघडून हाताला लागेल ते वचन म्हणजे उत्तर, असलं काही करू नका. चिठ्ठ्याही नको, यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी टाकल्या होत्या हे मान्य, पण पवित्र आत्मा उतरल्यानंतर पुन्हा टाकल्याचं दिसत नाही. प्रार्थनेत सगळा राग बोलून टाका, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत त्याची भरपूर सोय आहे. 'प्रभूची योजना' म्हणणाऱ्यांना टाळून घरी बसू नका, त्यापेक्षा त्यांच्याकडे काम मागा, फुकटचं असलं तरी. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्याला शंभर माणसांचा अंदाज, बाजारहाट, वेळेवर डबा, हे येतं. मंडळीत हे येणारी माणसं थोडी असतात.

आणि कर्जाचा कागद मंडळीतल्या दोन शहाण्या माणसांसमोर ठेवा, त्यातला एक बँकेत काम केलेला असला तर फारच उत्तम. बँकेकडे हप्त्यांची मुदत वाढवून मागता येते, स्वतः जाऊन बोला. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपला हात लावू नका. शेवटच्या ओळीत तुम्ही झोप लागत नाही आणि नको ते विचार येतात असं लिहिलंय, ते मी वाचलंय. त्यासाठी पाळक पुरेसे नाहीत, डॉक्टरकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. कर्जाचं पुढच्या आठवड्यात बघा, हा फोन आज करा.