खेळाडू प्रतिस्पर्धी क्लबात गेला की चाहत्यांना फसवल्यासारखं का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा इंग्लंडच्या लिव्हरपूल या फुटबॉल क्लबाचा कट्टर चाहता. त्यांचा ट्रेंट ॲलेक्झांडर-अरनॉल्ड २०२५ मध्ये स्पेनच्या रिआल माद्रिदला गेला, तेव्हापासून मुलाने भिंतीवरचं पोस्टर फाडलंय आणि घरात कोणाला त्याचं नाव काढू देत नाही. माणूस नोकरी बदलतो तसा खेळाडू क्लब बदलतो, हे तुम्ही त्याला समजावायला गेलात तर तो तुमच्यावरच चिडला. यात विश्वासघात कसला, आणि मुंबईत बसून एवढं मनाला का लावून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. का ते सांगतो.

नोकरीचं उदाहरण बहुतेक पालक देतात आणि मुलांना ते पटत नाही, कारण ते लागूच पडत नाही. आपल्याच मैदानावरचं उदाहरण घ्या. अनुप कुमारने २०१५ मध्ये यू मुंबाला प्रो कबड्डी जिंकून दिली, आणि २०१८ मध्ये तो जयपूरच्या जर्सीत दिसला. मुंबईत कोणी त्याला गद्दार म्हटलं नाही. वाईट वाटलं, तेवढंच. लिलावात बोली संघमालक लावतात, कुठे जायचं ते खेळाडूच्या हातात नसतं, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. आयपीएलच्या लिलावातही तेच.

फुटबॉलमध्ये खेळाडूच्या सहीशिवाय पान हलत नाही. दोन क्लबांनी आपसात कितीही रक्कम ठरवली तरी खेळाडू तयार नसेल तर व्यवहार होत नाही. म्हणजे तो प्रतिस्पर्ध्याकडे गेला याचा अर्थ त्याला विचारलं गेलं आणि तो 'हो' म्हणाला. चाहत्याला खुपतो तो हा होकार. करार संपला, पैसे जास्त मिळाले, ट्रॉफी हवी होती, ही सगळी कारणं चाहत्यालाही समजतात. त्याचं म्हणणं एवढंच असतं की जगात शेकडो क्लब आहेत, तुला नेमका हाच सापडला?

आर्सेनल या लंडनच्या क्लबाची दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. थिएरी ऑन्री कर्णधार होता, २००७ मध्ये स्पेनच्या बार्सिलोनाला गेला. लोक हळहळले, आणि २०११ मध्ये क्लबने आपल्या एमिरेट्स स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा केला. रॉबिन व्हॅन पर्सीही कर्णधार होता. २०१२ च्या जुलैमध्ये त्याने जाहीर निवेदन काढून सांगितलं की क्लबची दिशा त्याला पटत नाही, तो करार वाढवणार नाही. ऑगस्टमध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये, म्हणजे आर्सेनलच्या इंग्लंडमधल्याच प्रतिस्पर्ध्याकडे, दाखल झाला. निर्णय घेताना आपल्या आतला लहान मुलगा युनायटेडचंच नाव घेत ओरडत होता, असं तो पुढे म्हणाला. आठ वर्षं त्याच्या नावाने गाणाऱ्या लोकांनी हे ऐकलं. त्याने तिथे २० नंबरची जर्सी घेतली, भरपूर गोल केले, आणि युनायटेडने त्याच मोसमात आपलं विसावं लीग जेतेपद पटकावलं. २८ एप्रिल २०१३ ला नवा विजेता म्हणून युनायटेडचा संघ एमिरेट्सवर आला तेव्हा रिवाजाप्रमाणे आर्सेनलचे खेळाडू दोन रांगांत उभे राहिले आणि त्यांच्या मधून, त्यांच्या टाळ्या घेत, व्हॅन पर्सी चालत गेला. त्या सामन्यात त्याने पेनल्टीवर गोलही केला.

माझ्या धाकट्या भावाकडे त्याच्या नावाची जर्सी होती, फॅशन स्ट्रीटवरून घासाघीस करून घेतलेली, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि खाली १०. बातमी आली त्या रात्री त्याने पाठीवर वर्तमानपत्र पसरलं आणि इस्त्री फिरवायला सुरुवात केली. गरम झाली की अक्षरं सैल होतात, मग नखाने एकेक सोलायचं. आईने विचारलं, चांगला शर्ट का नासवतोयस? त्याने उत्तर दिलं नाही. नाव आणि आकडा सगळं निघालं, पण धुऊन धुऊन बाकीचा लाल रंग विटला होता आणि अक्षरांखालचा तसाच राहिला होता, त्यामुळे गडद लाल १० पाठीवर स्पष्ट वाचता येत होता. ती जर्सी तो त्यानंतरही घालायचा. आर्सेनल त्याने सोडलं नव्हतं ना. सोडलं होतं ते दुसऱ्याने.

या सगळ्या व्यवहारात चाहता हा एकटाच असा असतो ज्याला कुठेही जाता येत नाही. खेळाडू जातो, प्रशिक्षक जातो, मालकसुद्धा क्लब विकून मोकळा होतो. उत्तर लंडनमध्ये आर्सेनलच्या शेजारीच असलेल्या टॉटनहॅमचा चाहता मात्र आर्सेनलचा होऊ शकत नाही. म्हणून २००१ मध्ये सॉल कॅम्पबेल टॉटनहॅमचा कर्णधार असताना करार संपवून थेट आर्सेनलला गेला, तेव्हा उत्तर लंडनमध्ये जे झालं ते अतिरेकी वाटलं तरी मला कळतं. तो टॉटनहॅमच्याच युवा संघातून वर आलेला. १९९५ च्या बॉसमन निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूला क्लब अडवू शकत नाही, त्यामुळे टॉटनहॅमच्या हाती एक पैसाही लागला नाही. कायद्याने कॅम्पबेल शंभर टक्के बरोबर होता. तो निकाल खेळाडूंसाठी न्याय्य होता असंच माझं मत आहे, कारण त्याआधी करार संपल्यावरही क्लब खेळाडूला धरून ठेवायचे. पण २५ एप्रिल २००४ ला आर्सेनलने विजेतेपद पक्कं केलं ते टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर, आणि आर्सेनलच्या बचावफळीत कॅम्पबेल उभा होता. हे ज्यांनी घरच्या स्टँडमध्ये बसून पाहिलं त्यांना बॉसमन निकालाचे मुद्दे सांगून काय उपयोग?

दुसरीकडे इटलीचा रॉबर्टो बाज्जो. मला सगळ्यात भिडणारी गोष्ट त्याची आहे, कारण राग निवडीचाच असतो हे तिथे स्वच्छ दिसतं. १९८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या फिओरेंटिना क्लबने त्याला घ्यायचं ठरवलं आणि तेवढ्यात त्याचा गुडघा फाटला. क्लबने शब्द पाळला, त्याला बरा होऊ दिला, आणि फ्लॉरेन्स शहराने त्याला डोक्यावर घेतलं. १९९० च्या मे महिन्यात युएफा कपच्या अंतिम लढतीत फिओरेंटिना युव्हेंटसकडून हरली, आणि लगेच मालकांनी बाज्जोला त्याच युव्हेंटसला विकलं. रक्कम त्या वेळी जागतिक विक्रमाची होती. फ्लॉरेन्समध्ये दंगल उसळली, पण रोख मालकांवर होता. पुढच्या एप्रिलमध्ये युव्हेंटस फ्लॉरेन्सला खेळायला आलं, त्यांना पेनल्टी मिळाली, आणि पेनल्टी मारणारा बाज्जो पुढे आलाच नाही. दुसऱ्याने मारली, गोलकीपरने अडवली. थोड्या वेळाने बाज्जोला बाहेर काढलं, तो चालत निघाला, कोणीतरी फेकलेला फिओरेंटिनाचा जांभळा स्कार्फ त्याने उचलला. फिओरेंटिना १-० ने जिंकली. तोही प्रतिस्पर्ध्याकडेच गेला होता. तरी फ्लॉरेन्सने त्याला आपलं मानणं सोडलं नाही, कारण तो मनाने गेला नव्हता हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता आमच्या घरच्या संघाकडे, अंधेरीत खेळणाऱ्या मुंबई सिटीकडे येऊ. ४ मे २०२४ ला मुंबई सिटीने कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये मोहन बागानला ३-१ ने हरवून आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, चषक उचलला. आधी गोल त्यांचा झाला होता. त्या रात्री आम्ही काय ओरडलो असू! आणि त्याच उन्हाळ्यात, आमच्या मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला गेला. चषकाची झिंग उतरायच्या आत. पाठोपाठ ग्रेग स्टुअर्टही तिथेच दिसला. त्याने आमचा संघ मोसमाच्या मध्यावरच सोडला होता, पण दुखायचं ते दुखलंच. पुढच्या मोसमात मोहन बागानने शील्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याला मिळते ती) आणि चषक दोन्ही जिंकले. अपुइयाने करिअरच्या दृष्टीने योग्य पाऊल टाकलं याबद्दल वादच नाही. तरीही हरवलेल्या संघाच्या रंगात आपला माणूस बघताना पोटात जे तुटतं ते तुटतंच.

आमची बाजू सांगितली, तर गोव्याचीही सांगायला हवी. २०१९-२० मध्ये एफसी गोवाने पहिली लीग शील्ड जिंकली. सर्जिओ लोबेरा या प्रशिक्षकाला त्यांनी मोसमात असतानाच काढलं होतं. पुढच्या मोसमात लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले आणि मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस आणि मंदार राव देसाई हे चौघे गोव्याहून मुंबईला आले. मंदार तर गोव्याचाच, पहिल्या मोसमापासून त्या संघातला. माझा मामेभाऊ म्हापशाचा. त्याने मला फोनवर एवढंच विचारलं, "संघ तुमचा की आमचा?" उपांत्य फेरीत आम्ही गोव्यालाच पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं, आणि करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यातच असल्याने १३ मार्च २०२१ चा अंतिम सामनाही फातोर्ड्याला झाला, रिकाम्या स्टँडसमोर. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई पहिल्यांदा विजेती झाली. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदांपैकी तो एक. पण तो आनंद गोव्याच्या स्वतःच्या मैदानावर, गोव्याने जमवलेल्या माणसांच्या जिवावर आला होता, आणि मामेभावाने त्या रात्री फोन उचलला नाही तेव्हा मला त्याचा राग आला नाही.

मुंबईत बसून एवढं का, हे तुम्ही विचारलंत. लिव्हरपूलचा मुलगा लिव्हरपूलचा चाहता होतो कारण तो तिथे जन्मतो. तुमच्या मुलाने तो क्लब स्वतः निवडला, आणि चॅम्पियन्स लीगच्या सामन्यांसाठी शाळेच्या आदल्या रात्री जागून ती निवड निभावली. आपल्या शहराने त्याला जवळचा पर्याय तरी किती काळ दिला? कूपरेजवर ज्यांनी पिढ्यान् पिढ्या फुटबॉल पाहिला त्यांचे क्लबच बंद पडले. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ मध्ये.

आणि ट्रेंट साधा खेळाडू नव्हता. लिव्हरपूलमध्येच जन्मलेला, सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत. दहीहंडीच्या वेळी गल्लीतलं एखादं पोर सगळ्यांच्या खांद्यांवर पाय देऊन दरवर्षी वरच्या थराला चढतं आणि एके वर्षी समोरच्या पथकातून हंडी फोडतं, तेव्हा खालच्या थरातल्यांना काय वाटेल? रिआल माद्रिद शेजारचा क्लब नाही हे खरं. पण २०१८ आणि २०२२ अशा दोन चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यांत लिव्हरपूलला हरवणारा संघ तोच, आणि दोन्ही वेळा ट्रेंट मैदानात होता. त्यात करार संपत आल्यामुळे क्लबला किरकोळ रक्कम मिळाली. मे २०२५ मध्ये आर्सेनलविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला तेव्हा लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर स्वतःच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. काहींनी टाळ्याही वाजवल्या. माझ्या मते दोघांनाही तो हक्क होता.

हक्क कुठे संपतो तेही मुलाशी बोला. लुईस फिगो २००० मध्ये बार्सिलोना सोडून त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, रिआल माद्रिदला गेला. फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी रिआलच्या अध्यक्षपदाची निवडणूक त्याला आणायच्या आश्वासनावर लढवली आणि जिंकली. २००२ मध्ये फिगो बार्सिलोनाच्या काम्प नो मैदानावर कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा बाटल्यांचा मारा झाला, डुकराचं मुंडकं फेकलं गेलं, आणि सामना थांबवावा लागला. तेव्हा फिगोवर नाराज असलेली किती माणसं मान खाली घालून बसली असतील. शिट्ट्या मारा, गाणं बंद करा, जर्सीवरचं नाव काढा, सगळं चालेल. अंगावर वस्तू फेकणं, बायकापोरांना धमक्या, वर्णावरून शिव्या, यातलं काहीही चालत नाही, मग खेळाडू कितीही जिव्हारी लागला असो.

मुलाला "अरे, खेळच आहे" असं मात्र म्हणू नका. त्याऐवजी एक प्रश्न विचारा: ट्रेंट कुठल्या क्लबात गेला असता तर तुला चाललं असतं? तो नावं सांगेल, कारणं सांगेल, कुठली का नाही तेही सांगेल. पुढचं त्यालाच बोलू द्या.