‘बंडखोर लेखक, पुढे मुत्सद्दी’: बार्तोशेव्स्कींच्या निमित्ताने

पोलंडचे लेखक आणि माजी परराष्ट्रमंत्री व्वादिस्वाफ बार्तोशेव्स्की (1922–2015) यांच्यावरील एका इंग्रजी टिपणाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, त्यातील ‘डिसिडंट’ लेखक आणि ‘अकॅडमिक’, पुढे ‘स्टेट्समन’ व ‘डिप्लोमॅट’, या वर्णनासाठी ‘बंडखोर लेखक व विद्वान, पुढे मुत्सद्दी’ असे लिहिले तर चालेल का. माझ्या मते यातील ‘बंडखोर’ बदलावा, ‘विद्वान’ अधिक नेमका करावा आणि ‘मुत्सद्दी’ ठेवावा, मात्र त्याच्या जोडीला पदाचा उल्लेख हवाच.

‘बंडखोर’ची पहिली अडचण या माणसाच्या चरित्रातच आहे. सप्टेंबर 1940 मध्ये वॉर्सातल्या धरपकडीत जर्मनांनी त्यांना पकडले आणि आउश्वित्झच्या छावणीत पाठवले. तिथे ते कैदी क्रमांक 4427 होते. एप्रिल 1941 मध्ये सुटका झाल्यावर ते भूमिगत कामात शिरले, ज्यूंना मदत करणाऱ्या ‘झेगोता’ या गुप्त संघटनेत वावरले आणि 1944 मध्ये होम आर्मी या भूमिगत सेनेचे सैनिक म्हणून वॉर्साच्या उठावात सामील झाले. हा उठाव 63 दिवस चालला आणि तो सशस्त्र होता. युद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीने 1946 ते 1954 या काळात दोनदा मिळून त्यांना सुमारे सहा वर्षे तुरुंगात ठेवले, आणि डिसेंबर 1981 मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा पुन्हा काही महिने स्थानबद्ध केले. परंतु या राजवटीविरुद्ध त्यांनी शस्त्र उचलले नाही. ते लिहीत राहिले, शिकवत राहिले आणि राजवटीला अडचणीचा वाटणारा युद्धकाळाचा इतिहास सांगत राहिले. इंग्रजीतील ‘डिसिडंट’ हे विशेषण या दुसऱ्या पर्वासाठी आहे. मराठीत ‘बंडखोर’ लिहिले की वाचकाच्या डोळ्यांपुढे 1944 चा उठाव येईल आणि दोन पर्वांची गल्लत होईल.

दुसरी अडचण शब्दाच्या घडणीत आहे. ‘-खोर’ हा फारसीतून आलेला प्रत्यय लाचखोर, नफेखोर, भांडखोर, चुगलखोर अशा शब्दांत दिसतो आणि जवळजवळ सगळीकडे दूषणच देतो. ‘बंड’ हा तर सत्ताधाऱ्याच्या बाजूने पाहणारा शब्द आहे, म्हणूनच 1857 ला ‘शिपायांचे बंड’ म्हणायचे की ‘स्वातंत्र्यसमर’, हा वाद आपल्याकडे इतका जिव्हाळ्याचा ठरला. साहित्यसमीक्षेने रूढ संकेत मोडणाऱ्या कवीला ‘बंडखोर’ म्हणून त्या शब्दाला गौरवाची छटा दिली, हे खरे. पण त्या अर्थानेही तो इथे बसत नाही, कारण बार्तोशेव्स्कींनी मोडला तो मौनाचा दंडक, लेखनाचा संकेत नव्हे. शिवाय आजच्या वृत्तपत्रांत ‘बंडखोर’ म्हणजे तिकीट नाकारले म्हणून पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभा राहिलेला कार्यकर्ता, हा अर्थ सर्वांत आधी येतो. ‘असंतुष्ट’चीही तीच गत आहे, पक्षातला ‘असंतुष्ट गट’ आपल्या कानांत पक्का बसला आहे. ‘विद्रोही’ हा शब्द मराठीत जातिव्यवस्थेविरुद्धच्या साहित्याने आणि चळवळीने कमावलेला आहे. तो उचलून परक्या संदर्भाला लावणे मला योग्य वाटत नाही.

मग काय लिहावे? ‘डिसिडंट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘वेगळे बसणे’ असा आहे, आणि पोलंडच्या इतिहासात हा शब्द फार जुना आहे. 1573 च्या वॉर्सा करारात धर्माबाबत भिन्न मत असलेल्या उमरावांनी परस्परांत शांतता राखण्याची शपथ घेतली. तिथे हाच लॅटिन शब्द आला आहे. ‘वेगळे बसणारा’ ही कल्पना मराठीत ‘असहमत’ या शब्दाने पुष्कळशी येते, मात्र कोणाशी असहमत हे सांगावे लागते. म्हणून ‘कम्युनिस्ट राजवटीशी असहमत असलेले लेखक’ असे लिहावे. चार अक्षरे जास्त लागली तरी हरकत नाही. नुसते ‘विरोधक’ लिहिले तर विधिमंडळातील विरोधी बाके आठवतात, आणि अशी बाके त्या राजवटीत नव्हतीच.

‘विद्वान’ चुकीचा नाही, पण त्यातून माणूस शिकवत होता हे कळत नाही. बार्तोशेव्स्कींनी विद्यापीठाची पदवी पूर्ण केली नव्हती. तरीही 1973 पासून लुब्लिनच्या कॅथॉलिक विद्यापीठात त्यांनी आधुनिक इतिहास शिकवला, लोकांच्या घरांत भरणाऱ्या अनधिकृत ‘उडत्या विद्यापीठा’त व्याख्याने दिली आणि पुढे जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील विद्यापीठांतही अध्यापन केले. त्यामुळे ‘इतिहासाचे अध्यापक’ हे शब्द सर्वांत प्रामाणिक ठरतात. ‘प्राध्यापक’ टाळावे, कारण त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणावे का, यावर त्यांच्या मायदेशातच वाद झाला होता.

आता ‘मुत्सद्दी’. हा अरबी शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला. मोगलांच्या काळी सुरतेच्या बंदराचा कारभार पाहणारा अधिकारीही ‘मुत्सद्दी’ म्हणवला जाई, आणि जुन्या हिंदीत तो कारकून-मुनशीच्या अर्थाने आढळतो. मराठीने त्याला नाना फडणवीसांच्या उंचीवर नेले. तो गुणवाचक शब्द आहे, पदवाचक नव्हे. पदासाठी पेशवाईत ‘वकील’ हा शब्द होता; निजामाच्या दरबारातील गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील. ‘वकिलात’मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे, परंतु ऑस्ट्रियात पोलंडचे राजदूत राहिलेल्या बार्तोशेव्स्कींबद्दल आज ‘व्हिएन्नातील पोलंडचे वकील’ असे लिहिले तर काळा कोट आठवेल. तेव्हा ‘राजदूत’ हाच शब्द घ्यावा. ‘राजनैतिक’ वापरताना एक काळजी घ्यावी: मराठीत ‘राजनैतिक संबंध’ म्हणजे दोन देशांच्या सरकारांमधील संबंध, तर हिंदीत तोच शब्द साध्या राजकारणाला लावतात, आणि हिंदीवरून केलेल्या अनुवादांत ही चूक वारंवार होते.

‘मुत्सद्दी’त धूर्तपणाची छटा आहे म्हणून तो या स्पष्टवक्त्या माणसाला शोभणार नाही, असा आक्षेप येऊ शकेल. मला तो पटत नाही. 28 एप्रिल 1995 रोजी जर्मन संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे परराष्ट्रमंत्री म्हणून बोलताना, आउश्वित्झमध्ये राहून आलेल्या या माणसाने युद्धानंतर घरदार गमावलेल्या निरपराध जर्मनांच्या दुःखाचाही उल्लेख केला. शेजारी राष्ट्राशी तुटलेले नाते सांधण्यासाठी याहून दूरची दृष्टी कोणती असणार? मराठीत अशा दृष्टीला मुत्सद्देगिरीच म्हणतात.

वाक्य असे होईल: ‘कम्युनिस्ट राजवटीशी असहमत असलेले लेखक व इतिहासाचे अध्यापक बार्तोशेव्स्की हे 1990 ते 1995 या काळात ऑस्ट्रियात पोलंडचे राजदूत होते, पुढे दोन वेळा परराष्ट्रमंत्री झाले आणि मुत्सद्दी म्हणून नावाजले गेले.’ छायाचित्राखालच्या ओळीत इतकी जागा नसेल, तर ‘राजवटविरोधी लेखक, पुढे राजदूत व परराष्ट्रमंत्री’ एवढे पुरे. तिथे ‘मुत्सद्दी’ गाळला तरी चालेल, पदे गाळू नयेत.