वाळूजहून जर्मनीच्या मुलाखतीला बसताना

तुमचा प्रश्न असा, की वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला पाच वर्षं झाली, जर्मनीतल्या कंपनीची व्हिडिओ मुलाखत पंधरा दिवसांवर आलीय, तर उत्तरं कशी तयार करायची.

आधी ‘आम्ही’ सोडा. आपल्या मराठवाड्यात तर माणूस स्वतःबद्दलही ‘आपण केलं’ म्हणतो. मी-मी करणारा आगाऊ वाटतो. तिकडं समोरच्याला हवं असतं एवढंच, की यात तुमचा हात नेमका कुठं होता. ‘वी डिड’ चारदा आलं की तो विचारतोच, ‘अँड यू?’ आणि तिथं भलेभले अडकतात.

पाच-सहा कामं निवडा, प्रत्येकाला दीड-दोन मिनिटं. अडचण आणि तुमची जबाबदारी वीस-तीस सेकंदांत उरका. बहुतेकांचा वेळ कंपनीची ओळख करून देण्यातच जातो.

नमुना घ्या (आकडे तुमचे टाका). 25 मिमीचा एच7 बोअर (भोक; एच7 ही मापातली ठरलेली सूट), म्हणजे माप 25.000 ते 25.021 मिमी. 1,200 नगांत 30 रिजेक्ट, आणि तेही दर 400 च्या शेवटी: गो गेज (भोक लहान तर नाही ना, ते तपासायचं साधन) आत जाईना. ‘मी रूट कॉज काढून रिजेक्शन कमी केलं’ हे झालं रिझ्युमेतलं वाक्य. उत्तर असं: मी दर 50 नगांमागे बोअर गेजनं रीडिंग घेतलं. माप हळूहळू उतरत होतं, एकदम उडी नव्हती, म्हणून क्लॅम्पिंगवरचा (नग मशीनवर पकडण्यावरचा) संशय बाजूला ठेवला. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, झिजत होता. 400 ऐवजी 250 नगांना बदलायला लावला. रिजेक्ट 30 वरून 4.

खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात असते: ‘इन्सर्टचा खर्च वाढला, त्याचं काय?’ 1,200 नगांना इन्सर्टच्या तीनऐवजी पाच कडा लागतात. त्यांची किंमत आणि वाचलेल्या 26 नगांची किंमत, दोन्ही तोंडावर हव्यात. 8डी (तक्रार सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत, डी1 ते डी8) विचारलं तर तुम्ही स्वतः काय केलं ते सांगा: डी3 मधलं सॉर्टिंग, की डी4 मधलं मूळ कारण. फक्त सॉर्टिंग केलं असेल तर तसंच म्हणा, पुढच्या दोन प्रश्नांत कळतंच. आणि गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग स्क्रीनवर दाखवू नका; तिथंच विश्वास जातो.

जर्मन भाषा ए2 पातळीची (सुरुवातीची दुसरी पायरी) असेल तर ए2च सांगा, कारण ते मध्येच जर्मनवर येऊन बघतात.

पगार लाखांत नाही, वर्षाचा ब्रुटो, म्हणजे कापाकापीआधीचा, युरोत सांगा. कर आणि विमा कापून हातात किती येतील ते आधी ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर बघून ठेवा.

डिग्रीवर औरंगाबाद आणि आजच्या पत्त्यावर छत्रपती संभाजीनगर असेल, तर ‘2023 मध्ये शहराचं नाव बदललं’ ही एक ओळ तयार ठेवा.

वेळेचा घोळ फार होतो. त्यांचे सकाळचे 10 म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे 1:30, हिवाळ्यात 2:30. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. लाइट जाणारच असं धरून लॅपटॉप चार्ज ठेवा, मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी चालवून बघा.

शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणाले तर ‘नाही’ म्हणू नका. प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, किती ते विचारा. कायद्यानं जास्तीत जास्त सहा महिने असतो आणि त्या काळात साधारण दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. घरदार हलवणाऱ्याला हे आधी माहीत असलेलं बरं.