नवा रंग, जुना ट्रेलर

प्रश्न : नागावच्या बीचवर आमचे दोन घोडे आहेत. पावसाळ्यात ते घाटावर मेव्हण्यांकडे ठेवतो, दरवर्षी टेम्पोचं भाडं परवडत नाही. मुरुडला एक सेकंडहँड हॉर्स ट्रेलर (गाडीमागे जोडून घोडे न्यायचा डबा) विकायचाय, रंग अगदी नवा आहे. घेऊ का?

उत्तर : दादा, नवा रंग म्हटल्यावरच मनात पाल चुकचुकली, कारण आपल्या खाऱ्या हवेत पत्र्याला पापुद्रे सुटले की लोक सरळ वरून रंग मारतात. आधी ट्रेलरच्या तळाच्या फळ्यांवरची रबरी मॅट बाहेर काढायला सांगा, मालक आढेवेढे घ्यायला लागला तर तिथूनच माघारी फिरा. घोड्याचं मूत मॅटखाली मुरतं आणि फळी वरून ठणठणीत पण आतून भुसा झालेली असते, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, लोण्यात सुरी जावी तसा घुसला तर विषय संपला. मग टॉर्च घेऊन खाली सरपटत जा, आडवे अँगल हातोडीने ठोका, टणटण आवाज यायला हवा, भद्द नको. (कपडे जुनेच घालून जा!)

टायरची नक्षी बघून फसू नका, ट्रेलर उभा राहून राहून रबर तडकतं. बाजूला चार आकडे असतात, 2316 म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा, इतका जुना टायर बदलायचाच, ते पैसे किमतीतून कापा.

आरसीवरचा चेसिस नंबर ट्रेलरवर कोरलेल्या नंबराशी जुळतो का बघा. ब्रेक, लाइट गाडीला जोडूनच तपासा. आणि हो, दोन घोडेच सात-आठशे किलो भरतील, वर ट्रेलरचं वजन, तुमची गाडी घाटात ओढेल का ते आधी मेकॅनिकला विचारा.