आई रोज डार्क चॉकलेट खाते, बीपी आणि शुगरला खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय 58, बीपीची गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरवर आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीतरी वाचून त्या रोज रात्री जेवणानंतर डार्क चॉकलेटचे दोन-तीन मोठे तुकडे खातात, तर हे चालू ठेवू द्यावं की बंद करायला सांगावं. मी नाशिकला घरून चॉकलेट बनवून विकते, राखी-दिवाळीला ऑर्डरी असतात, आणि घरात सासूबाईंना बऱ्याच वर्षांचा डायबेटिस आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. मी डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

माझं मत सरळ सांगते. खाऊ द्या, पण गोड म्हणून खाऊ द्या, औषध म्हणून नको. दिवसाला एक छोटा तुकडा, दहा ग्रॅमच्या आसपास, आणि तोसुद्धा रॅपरची मागची बाजू नीट वाचून मगच.

मागे घटकांची यादी असते ती वजनाच्या क्रमाने असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. साखर पहिली असेल तर समोर कितीही मोठ्या अक्षरात डार्क लिहिलेलं असू दे, ती मिठाईच आहे. कोको मास किंवा कोको सॉलिड्स, म्हणजे कोकोच्या बियांचाच भाग, पहिले असतील तर पुढचं बोलू. बाजारात डार्क म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये कोको पन्नास टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेल्यातली बहुतेक साखर. 70-85 टक्केवालं घेतलं तर 100 ग्रॅममध्ये साधारण 24 ग्रॅम साखर येते, मिल्क चॉकलेटमध्ये पन्नासच्या वर जाते. पण कॅलरीज मात्र 70 टक्केवाल्यातही 100 ग्रॅमला 600 च्या घरात असतात, कारण कोकोमध्ये फॅट भरपूर असतं, म्हणून डार्क आहे म्हणून कितीही खाल्लं तरी चालतं असं अजिबात नाही.

यादीत हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट दिसलं तर ते कंपाऊंड, म्हणजे कोको बटर (कोकोचं स्वतःचं फॅट) न वापरता वनस्पती तुपासारख्या फॅटचं केलेलं चॉकलेट. घरगुती चॉकलेटं आणि हिल स्टेशनला किलोवर मिळणारी चॉकलेटं यातली पुष्कळशी कंपाऊंडचीच असतात. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात याचे स्लॅब मिळतात, डबल बॉयलरवर वितळवायचे, मोल्डमध्ये ओतायचे, फ्रीजमध्ये पंधरा मिनिटांत सेट. खऱ्या कोको बटरचं चॉकलेट असं ऐकत नाही, त्याला टेम्परिंग करावं लागतं, डार्क असेल तर 31-32 डिग्रीला आणून ठेवायचं, जरा इकडेतिकडे झालं की चमक जाते आणि वर पांढरट डाग येतात. ओळखायचं कसं तर तुकडा जिभेवर ठेवून चावू नका, नुसता ठेवा. कोको बटर शरीराच्या तापमानाच्या थोडं खालीच वितळतं त्यामुळे ते आपोआप विरघळून जातं, कंपाऊंडचा मात्र टाळूला मेणासारखा थर बसतो आणि पाणी प्यायलं तरी तो लगेच जात नाही. अशा फॅटमध्ये असू शकणाऱ्या, हृदयाला वाईट ट्रान्स फॅटवर 2022 पासून आपल्याकडे 2 टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलंच झालं, पण म्हणून कंपाऊंडमधलं फॅट हृदयाला फायद्याचं होत नाही. ज्यांच्या घरी बीपी-शुगरचं कुणी आहे असं मला कळतं त्यांना मी हे ऑर्डर घेतानाच सांगते.

आता फायद्याची गोष्ट मुळात आली कुठून. कोकोच्या बीमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं आणि वाहिन्या थोड्या सैल पडतात. पनामाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर कुना नावाचे आदिवासी राहतात, हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग या डॉक्टरांनी पाहिलं की बेटांवरच्या कुना लोकांचं बीपी वयानुसार वाढत नाही आणि हे लोक भरपूर कोको पितात, पण तेच लोक शहरात राहायला गेले की बीपी वाढायला लागतं. यावरून पुढे खूप संशोधन झालं. अर्थात बेटावरच्या आणि शहरातल्या जगण्यात कोकोशिवायही शंभर फरक असणार, आणि ते पीत होते तो कोको, दुकानातली पट्टी नव्हे.

2017 साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने 35 प्रयोग एकत्र करून पाहिले तर कोकोमुळे बीपी सरासरी दोन पॉइंटसुद्धा उतरलं नव्हतं. म्हणजे परिणाम खरा आहे, पण एवढासा आहे. त्यानंतर अमेरिकेत कॉसमॉस नावाचा मोठा अभ्यास झाला, 21 हजारांहून जास्त वयस्कर लोक, रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलच्या कॅप्सूल, साडेतीन वर्षांच्या आसपास. 2022 ला निकाल आला. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं मिळून जे मुख्य मोजायचं होतं त्यात ठाम फरक दिसला नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले, पण तो अभ्यासाचा मुख्य प्रश्न नव्हता म्हणून त्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. आणि परत, कॅप्सूल होत्या, चॉकलेट नव्हतं! तुमच्या आईंना आलेल्या मेसेजमध्ये हा फरक कुणी लिहिला नसणार आणि मला याचंच वाईट वाटतं, कारण असे मेसेज वाचून गोळी बंद करणारी माणसं मी पाहिलेली आहेत. बीपीची गोळी कुठल्याही परिस्थितीत बंद करायची नाही.

शुगरबद्दल 2024 च्या शेवटी एक अभ्यास आला, आठवड्यातून पाच वेळा किंवा जास्त डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये टाइप टू डायबेटिसचं प्रमाण 21 टक्के कमी दिसलं, मिल्क चॉकलेटवाल्यांना तसा फायदा नाही, उलट वजन वाढलेलं. बातम्यांमध्ये हे फार गाजलं. पण ते लोकांना वर्षानुवर्षं फॉर्म भरायला लावून केलेलं निरीक्षण आहे, डार्क खाणारी माणसं बाकी खाण्यापिण्यातही वेगळी असू शकतात, त्यामुळे चॉकलेटनेच झालं असं त्यावरून म्हणता येत नाही.

कोको पावडर वापरत असाल तर एक बघा, यादीत अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर 501 असं काही असेल तर ती अल्कली लावलेली पावडर आहे. रंग छान गडद येतो, कडवटपणा जातो आणि त्याबरोबर फ्लॅव्हनॉलही बरेचसे जातात. केकला उत्तम, पण तब्येतीसाठी म्हणून प्यायची असेल तर साधी फिकट रंगाची, अल्कली न लावलेली घ्या आणि साखर न घालता दुधात घ्या.

तोट्यांमध्ये पहिला म्हणजे रात्रीची वेळ. चॉकलेटमुळे अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते, ज्यांना घशाशी येतं, छातीत जळजळ होते त्यांनी जेवून लगेच आडवं व्हायच्या आधी हे खाऊच नये, शिवाय थोडं कॅफीन असतंच. दुपारी जेवणानंतर खाल्लं तर बरं. मूतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारा, कोकोमध्ये खडा होण्यात भाग घेणारं ऑक्झलेट भरपूर असतं. कॅडमियम आणि शिसं या अपायकारक धातूंचाही विषय आहे, 2022 मध्ये अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्सने 28 डार्क चॉकलेटं तपासली त्यात 23 मध्ये यातलं एक किंवा दोन्ही त्यांनी धरलेल्या मर्यादेच्या वर निघालं, रोज एक औंस (साधारण 28 ग्रॅम) खाल्लं तर. कॅडमियम झाड जमिनीतून घेतं, म्हणून कोकोचे टक्के वाढले की तेही वाढू शकतं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना देताना 85-90 टक्क्यांच्या मागे लागू नये. आणि हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून डार्क चॉकलेट खा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्यात लोह आहे हे खरं पण कोकोतलीच द्रव्यं ते अंगी लागू देत नाहीत. त्यापेक्षा अळिवाची खीर लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर द्या.

शुगर फ्री लिहिलेल्या चॉकलेटमध्ये बहुतेक वेळा साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं. शुगर त्यानेही थोडी वाढते आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, गॅस धरतो.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, आज नाही तरी पुढे आईंना शुगरची गोळी लागली तर उपयोगी पडेल. शुगर अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले तर चॉकलेट द्यायचं नाही. सासूबाईंना एकदा असं झालं तेव्हा शेजारच्या काकू मायेने चॉकलेटच घेऊन धावत आल्या होत्या. चॉकलेटमधल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते आणि तेव्हा तेवढा वेळ नसतो. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत शुगर तपासायची.

आईंना एकदम बंद करायला सांगू नका, रागावतील. 70 टक्केवालं आणून द्या, ते कडू असल्यामुळे एका तुकड्यावर बहुतेक जण आपणहून थांबतात, आणि त्या दिवशी चहात साखर किंवा दुसरं गोड नको. तीन महिन्यांनी एचबीए1सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) कराल तेव्हा आता खातात त्या चॉकलेटच्या रॅपरच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा.