चार माथे, एक दिवस आणि साडेपाच तासांचा हिशोब

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की एका नावाजलेल्या शिखरावर रांगेत उभं राहण्यापेक्षा त्याच्या शेजारचे तीन-चार दुर्लक्षित माथे एका दिवसात जोडून चाला. त्यावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही इथे घेतेय.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं एका रांगेतले चार माथे एका दिवसात करायचं म्हणतोय. अंतर 16 किलोमीटर, एकूण चढाई 1400 मीटर. अ‍ॅप साडेपाच तास दाखवतंय. सकाळी 10 ला निघालो तर 4 पर्यंत खाली येऊ ना? सगळ्यात उंच माथा तर 900 मीटरचाच आहे.

नाही येणार. आधी ते साडेपाच तास कुठून आले ते बघू. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा नियम मांडला होता, आजच्या मापात सांगायचं तर दर 5 किलोमीटरला एक तास आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. तुमच्या 16 किलोमीटरचे 3 तास 12 मिनिटं, 1400 मीटरचे 2 तास 20 मिनिटं, बेरीज 5 तास 32 मिनिटं. म्हणजे अ‍ॅपचा आकडाही साधारण याच हिशोबातला. आता यात काय काय नाहीये ते बघा. थांबणं नाही, खाणं नाही, बुटाची लेस बांधणं नाही, वाट चुकून परत येणं नाही, आणि उतार म्हणजे जणू सपाट रस्ताच. पुढे एरिक लँगम्यूर यांनी त्यात भर घातली की उतार 12 अंशांपेक्षा तीव्र असेल तर दर 300 मीटर उतरण्याला 10 मिनिटं वाढवा. तुमचा निम्मा उतार जरी तसा निघाला तरी वीस-पंचवीस मिनिटं तिथेच गेली.

पण खरी मेख वेगळीच आहे. हे सगळे हिशोब वाट आहे असं धरून केलेले असतात, आणि दुर्लक्षित डोंगरावर लोक जात नाहीत म्हणून वाट मळलेली नसते, वाट नसते म्हणून लोक जात नाहीत. गवतातून, झुडपातून, सुट्या दगडांवरून चालताना तासाला 3 किलोमीटर झाले तरी मी खूश असते.

आणि 'फक्त 900 मीटर' हे डोक्यातून काढाच. चार माथे म्हणजे मध्ये तीन खिंडी. प्रत्येक खिंडीत तुम्ही कमावलेली उंची घालवता आणि पुन्हा कमावता, म्हणून तर 900 मीटरच्या डोंगरावर 1400 मीटरची चढाई होते. त्यात नकाशावरच्या कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) 20 मीटर उंचीच्या अंतराने असतील तर मधला एखादा 15 मीटरचा उंचवटा रेषांच्या मधे सापडून नकाशावर अजिबात न दिसण्याची शक्यता असते. असे पाच-सहा भेटले की पाय विचारतात हे कुठून आलं.

मी 9 तास धरेन आणि उजाडताच निघेन. निघायच्या आधी नकाशावर एक पळवाट शोधून ठेवा, म्हणजे अशी खिंड जिथून सोप्या उताराने खाली दरीत जाता येतं, आणि चौघांनी घरीच ठरवा की अमुक वाजेपर्यंत ती खिंड ओलांडली नाही तर उरलेले माथे सोडायचे. वर गेल्यावर ठरवू म्हणालात तर कुणीच ठरवत नाही, 'एवढं आलोय तर' हे वाक्य चौघांपैकी एक जण हमखास बोलतो. (आमच्या ग्रुपमध्ये तो एक जण मीच असते.)

प्रश्न : मित्र हसतात, म्हणतात छोट्या डोंगरांना कोण जातं, आधी मोठं काहीतरी कर.

हसू द्या. उंचीचं हे वेड यादीतून आलेलं असतं. स्कॉटलंडमध्ये ह्यू मन्रो यांनी 1891 मध्ये 3000 फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली, आज त्यात 282 शिखरं आहेत, त्यांना मन्रोच म्हणतात, आणि लोक आयुष्य घालवून ती पूर्ण करतात. गंमत म्हणजे मन्रोंची स्वतःची यादी काही पूर्ण झाली नाही, त्याआधीच ते गेले. आणि त्याच देशात सुइलवेन नावाचा डोंगर आहे, फक्त 731 मीटरचा, म्हणून त्या यादीत नाही, पण सपाट ओसाड माळातून असा एकटा उठलाय की भल्याभल्या उंच डोंगरांनी मान खाली घालावी. नंतर कुणीतरी शहाणपणा करून ब्रिटनमधल्या डोंगरांची वेगळी यादी केली, उंची किती का असेना, आजूबाजूच्या जमिनीपासून, म्हणजे शेजारच्या उंच डोंगराशी जोडणाऱ्या खिंडीपासून, निदान 150 मीटर सुटा उठलेला हवा. त्या डोंगरांना नाव दिलं मॅरिलिन. मन्रो आणि मॅरिलिन, म्हणजे हॉलिवूडची मॅरिलिन मन्रो, कळलं ना?

तर मित्रांना उंची विचारू नका, दोन माथ्यांमधली खिंड किती खोल आहे ते विचारा.

प्रश्न : उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरता येत नाही. चढताना तर काहीच झालं नव्हतं.

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, ब्रेकसारखा, आणि त्याने स्नायूत बारीक बारीक इजा होतात, ज्यांचं दुखणं एक ते तीन दिवसांनी वर येतं. चढण्याचा सराव करून हे जात नाही. ट्रेकच्या आठवडा-दोन आठवडे आधी एकदा भरपूर उतार उतरून या, पुढच्या वेळी दुखणं बरंच कमी होतं. पावलं छोटी टाका. गुडघा सुजत असेल तर मात्र हा विषय डॉक्टरांचा.

प्रश्न : धारेवर (माथ्यांना जोडणाऱ्या डोंगराच्या कण्यावर) धुकं आलं तर काय करायचं? खाली जाणारी कुठलीही सोंड (डोंगराचा खाली उतरत जाणारा फाटा) धरली तर चालेल का?

अजिबात नाही, हे मी भोगलंय. सोंडा वर जाताना एकमेकींना मिळत जातात, त्यामुळे चढताना चुकणं अवघड, कुठूनही निघालात तरी माथ्यावरच पोचता. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात. माथ्यावर दहा पावलांचा फरक खाली दोन-तीन किलोमीटरचा होतो, आणि मध्ये दरी. मी एकदा तिसऱ्या माथ्यावरून धुक्यात 'हीच ती' म्हणून उतरले, तासाभराने खाली कडा लागला, आणि सगळं परत चढावं लागलं, चौथा माथा अर्थातच राहिला. तेव्हापासून माथा सोडायच्या आधी होकायंत्राने दिशा बघते, दोनशे पावलं गेल्यावर परत बघते, जुळलं नाही तर निमूट वर. मोबाईल आहेच, पण थंडीत बॅटरी झपकन उतरते म्हणून तो आतल्या खिशात. आणि शिट्टी ठेवा. मदतीसाठी मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. समोरून तीन वेळा वाजली तर कुणीतरी ऐकलंय.

प्रश्न : वाटेत पाणी मिळेलच ना? एक लिटर पुरेल?

धारेवर पाणी थांबत नाही, ते दोन्ही बाजूंनी खालीच जातं. शेवटचा झरा धारेच्या खाली असतो, तिथे पोटभर प्या आणि तीन लिटर भरून घ्या. जड होईल, पण दर तासाला हलकं होत जातं.